मानेपर्यंत मोर

प्रतीक्षाची दुसरी वेणी शेवटाला आली होती. फीत बांधायची तेवढी बाकी होती आणि कोपऱ्यावर शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत होती, तेवढ्यात नात मान न वळवता म्हणाली, "नानम्मा, काय करलालीस? सोडलालीस की!" सुंदरम्मानं खाली बघितलं. वेणी निम्म्यावर सुटली होती. ती निसटली नव्हती, कुणी ओढली नव्हती. तिच्याच बोटांनी खालून वर, एकेक पेड वेगळा करत, कुठे गुंता होऊ न देता ती सोडवत आणली होती, आणि बोटांच्या मालकिणीला त्याचा पत्ता नव्हता. तिला वाटत होतं आपण वेणी घालतोय. "पेड सैल झाला होता गं," ती म्हणाली. सुनेनं विड्यांच्या सुपावरून मान वर करून सासूकडे बघितलं. मग सूप बाजूला सारून पोरीला पुढ्यात ओढलं आणि उरलेली वेणी तंबाखूच्या हातांनी स्वतःच घालून टाकली. सून काही बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. या घरात बायका भांडतात तेलुगूत आणि गप्प बसतात तेव्हा कुठल्याच भाषेत नाही, आणि ते गप्प बसणं सुंदरम्माला पहिल्यापासून सोसत नाही. रिक्षा गेली. ती आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहिली. साठीला टेकलेले, नखं कापलेले, तसे धडधाकट हात. पण आपल्याला न विचारता हे काय काय करत असतील, या विचारानं तिची नजर त्यांच्यावरून हलेना.

कामावर जाताना आसरा चौकापर्यंतच्या रिक्षात ती कडेला बसली आणि हात पदराखाली घेतले. बाजूची बाई म्हणाली, थंडी वाजते का? श्रावणातल्या त्या चिकट उकाड्यात थंडी कसली. पण सुंदरम्मा हो म्हणाली, कारण खरं काय ते सांगायचं तर कुठून सुरू करणार. सुरुवात उदयसिंहाच्या, तिच्या मालकाच्या, दालनापासून करावी लागली असती. होटगी रोडला, विमानतळाच्या अलीकडे, काचेचं ते दालन. विमानं सुरू झाल्यापासून त्या रस्त्याला जे जे उगवलं त्यातलंच एक. आत शिरलं की गार हवा, चंदनाचा वास, कुठल्यातरी वीणेची लावून ठेवलेली धून, दोन्ही भिंतींना छतापर्यंत रेशमी साड्या, आणि मधोमध लाल दोरीच्या आत एक चौथरा. चौथऱ्यात खड्डा, खड्ड्यावर माग, आणि मागावर सुंदरम्मा. लग्नाच्या बस्त्याची माणसं येतात, अक्कलकोटला जाणारी येतात, विमानाला वेळ असलेली येतात. दोरीपाशी उभी राहून मोबाईल वर करतात. मग आरोही, म्हणजे तिथली माहिती सांगणारी पोरगी, कानाला लावलेल्या माईकमध्ये गोड आवाजात म्हणते, "आणि आता बघा, आपल्या डोळ्यांदेखत मोर जन्माला येतोय." हे वाक्य ऐकलं की सुंदरम्माला त्या पोरीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. तशी पोरगी वाईट नाही. दुपारी स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी आठवणीनं तिच्यासाठी काढून ठेवते.

मोर जन्माला येत नाही. गेल्या दिवाळीपासून तो मानेपर्यंत येतो आणि परत जातो. पहिल्या महिन्यात तिनं पदरावर एक पुरा केला होता, डोकं, तुरा, चोच, सगळं. त्याच्या पुढे बोटभर रुंदीचे साधे पट्टे होते, आणि पट्टे विणत बसलेल्या बाईपुढे माणसं थांबत नाहीत. बघितल्यासारखं करून जातात. उदयसिंहाच्या लगेच लक्षात आलं. माणूस हुशार आहे, आणि ओरडणारा नाही. चौथऱ्याच्या कडेला येऊन, बूट काढून, अगदी घरच्यासारखा बसला आणि म्हणाला, "सुंदरम्मा, जरा मागं घेता येईल का?" तिला कळेना. "मागं म्हणजे?" "म्हणजे मोर परत अर्धा दिसला पाहिजे. मानेपर्यंत. डोकं झालं की लोकांची मजा संपते." तिला वाटलं एकदाच करायचंय. कुणीतरी मोठा पाहुणा येणार असेल. तिनं मोराचं डोकं उकललं, मान उकलली, पोटापर्यंत आली. रंगारंगाचं रेशीम गुंडाळलेल्या बारीक कांड्या एकेक करून उलट्या काढल्या, आणि काढताना मनातल्या मनात त्याला म्हणाली, माफ कर बाबा. सासऱ्यानं तिला लग्नानंतर माग शिकवला तेव्हा चूक झाली की उकलायला लावायचा. उकलणं म्हणजे चूक, एवढंच तिला ठाऊक होतं. या मोरात चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं परत मानेपर्यंत आणला, तर उदयसिंह लांबूनच हात करून म्हणाला, बस, बस, आता परत मागं. मग ते रोजचंच झालं. माणसांचा एक घोळका आला की विणायचं, घोळका काचेच्या दारातून बाहेर पडला की उकलायचं. माफी मागायची ती कधी थांबली ते तिला आठवत नाही. सकाळच्या वेणीपेक्षा तिला याचीच जास्त भीती वाटली.

खरी गोष्ट अशी की ती साडी अंबादासची होती. अंबादास म्हणजे तिचा नवरा. गल्लीत टॉवेलचे यंत्रमाग खडखडायला लागून जमाना झाला, शेजारचे भिवंडीला गेले, कुणी पुण्यात सोसायट्यांच्या फाटकावर उभे राहिले, तरी हा बाबा बाहेरच्या खोलीतल्या खड्ड्यात पाय सोडून रेशीम विणत बसायचा. कुणासाठी, विचारलं की म्हणायचा, येईल की कोन तरी. कुणी येत नव्हतं. व्यापारी म्हणायचे, मागणी न्हाय. तो शब्द त्या घरात देवीच्या रोगासारखा फिरायचा. मागणी न्हाय म्हणून मुलगा टॉवेलच्या कारखान्यात गेला, मागणी न्हाय म्हणून सून विड्या वळते. गेल्या वर्षीच्या चैत्रात अंबादासच्या छातीत कफ भरला. तेव्हा मागावर जांभळी साडी होती, अंग विणून झालेलं, पदर राहिलेला. खाटेवरून तो म्हणाला, "पदर तू घाल. मोराला तुजा हात बरा हाय." नवऱ्यानं उभ्या जन्मात केलेलं हे एवढंच कौतुक, तेही दम खात खात. तो गेला, आणि त्याच पावसाळ्यात उदयसिंह दारात आला. दहा ठिकाणी फिरलेला, परदेशातली प्रदर्शनं बघितलेला. म्हणाला, मागणी अशी आपोआप येत नसते सुंदरम्मा, ती उभी करावी लागते. लोकांनी हात विणताना बघितले की ते रेशीम घेतात, इथले घेतात, बाहेरचे घेतात. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तिला तर अंबादासच बोलतोय असं वाटलं. येईल की कोन तरी म्हणायचा, तो हा आला. माग साडीसकट टेम्पोत चढला. घरातल्या खड्ड्यावर प्लायवूड टाकलं आणि त्यावर आता फ्रीज आहे. रात्री फ्रीज घरघरतो तेव्हा ती कूस बदलते.

आणि मागणी आली. हे कबूल करायलाच हवं. साड्या खपत होत्या. लोक तिच्या हातांकडे बघत, मोर बघत, डोळ्यांत पाणी आणत, आणि वळून भिंतीवरची साडी घेत. भिंतीवरच्या साड्या कुठून येतात ते तिनं कधी विचारलं नाही. हात लावल्यावर तिला कळलं होतं की हे हाताचं नाही, तेव्हापासून तिनं त्यांना हातच लावला नाही. पगार वेळेवर होत होता, उदयसिंह तिला बाकीच्यांसमोर "आमची लक्ष्मी" म्हणत होता. तरीही रोज संध्याकाळी खड्ड्यातून पाय वर घेताना तिला असं वाटायचं की आज आपण कामावर आलोच नव्हतो. जेवढं कापड सकाळी होतं तेवढंच संध्याकाळी. बाईनं भाकऱ्या थापाव्यात आणि परातीत परत पीठ निघावं, तसं. मग या दिवसाचं काय झालं? तो कुठं गेला? विणकराचा दिवस मागाच्या रुळावर गुंडाळला जातो, हात लावून बघता येतो, हे लग्नापासून अंगात मुरलेलं. तिचे दिवस कुठेच गुंडाळले जात नव्हते. हे ती कुणाला बोलली नाही. पगार घेणाऱ्या बाईनं असलं काही बोललं की लोक म्हणतात, सुख दुखतंय.

मल्लेशम येऊन गेला नसता तर तिनं असंच आणखी वर्ष काढलं असतं. मल्लेशम म्हणजे त्यांच्या गल्लीतला सगळ्यात जुना विणकर. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी गल्लीची गाडी तोच काढतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा गल्लीची ही गाडी मागं चालते. गाडीवर माग, मागावर माणूस, आणि चालता चालता विणलेलं वस्त्र रथ देवळात परत यायच्या आत पुरं करून देवाच्या अंगावर घालायचं. गाडीवरची बैठक अंबादासची होती, त्याच्या आधी त्याच्या बापाची. गल्लीचा नियम एकच: त्या वर्षात ज्या हातानं मागावरून एक तरी वस्त्र पुरं करून उतरवलं असेल, तोच हात देवाचं विणणार. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेलाही नाही. मल्लेशम आषाढात आला, भिंत चाचपत बसला, चहा फुंकून प्यायला आणि म्हणाला, "सुंदरम्मा, गल्लीत आता हातमाग तुजाच. यंदा बैठक तुजी. बाईमाणूस बसलं न्हाय आजवर, पन आमी ठरवलंय. सांग, यंदा काय उतरवलीस?" "पदर चाललाय," ती म्हणाली. "चाललाय न्हवं, उतरवलीस का?" "उतरवते की." "उतरव. न्हायतर यंदा आपली गाडी बाजारातलं कापड गुंडाळून जातीय. अंबादासच्या मागं हे बगायचं आलं नशिबात." तेव्हापासून तिला एकच लागून राहिलं होतं. पौर्णिमेच्या आत ही साडी पुरी करून उतरवायची. अंबादासच्या बैठकीवर बसायचं. देवापुढे ताठ मानेनं सांगायचं, हे आम्ही दोघांनी केलं.

उदयसिंहाला तिनं साडी पुरी करू का विचारलं ते आरोहीला सोबत घेऊन. तो नाही म्हणाला नाही. ती त्याची पद्धतच नाही. "नक्की करू. पण परदेशातले पाहुणे येऊन जाऊ देत. त्यांच्या डोळ्यांसमोर मोर मानेपर्यंतच पाहिजे. त्यांची ऑर्डर हातात पडली ना सुंदरम्मा, सोलापूरचं रेशीम कुठल्या कुठं जाईल." पाहुणे आज येणार, उद्या येणार, करता करता आषाढ सरला. वेणी सुटली त्याच दिवशी ते आले. एक उंच बाई होती, पांढऱ्या केसांची, मायाळू तोंडाची, आणि दोन पुरुष. बाई दोरी ओलांडून चौथऱ्यावर सुंदरम्माच्या शेजारीच येऊन बसली, उदयसिंह हां हां करत असताना. तिनं आरोहीमार्फत विचारलं, एवढी साडी व्हायला किती दिवस लागतात? आरोहीनं पाठ केलेला आकडा सांगितला. बाईनं तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाली. "त्या म्हणतात, तुम्ही भाग्यवान आहात, तुमच्या हातून सुंदर वस्तू तयार होतात," आरोही म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर खाली गेली, कारण ती रोज बघत होती काय तयार होतं ते. सुंदरम्माला भडभडून आलं. तिला त्या बाईला सांगायचं होतं, बाई गं, माझी वेणी सुटली आज. पण बाईनं तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचाही फोटो काढला. ते गेले. काचेचं दार मिटलं. सुंदरम्मानं यावेळी टक लावून, मुद्दाम आपल्या हातांकडे बघितलं. हात निवांत मागे गेले, निळी कांडी उचलली आणि मोराची मान उकलायला लागले. नको, ती मनात म्हणाली. आज नको. ते थांबले, पण लगेच नाही.

दोन दिवसांनी पेढे वाटले गेले. ऑर्डर मिळाली होती. मोराचे स्टोल, ढीगभर. "कोण विणणार एवढे?" तिनं विचारलं. तिला वाटलं, गल्लीतले चार माग परत उभे राहतील, मल्लेशमचा नातू भिवंडीहून येईल, प्लायवूड निघेल. एका क्षणात तिनं सगळी गल्ली परत वसवली. "हातानं एवढं कसं भागणार," उदयसिंह हसून म्हणाला. "यंत्रावर काढू. डिझाइन तुमचंच, काळजी नको. आणि आता साडी पुरी करा बघू. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी नवा ताणा चढवू. परत मोर." नवा ताणा, परत मोर हे ऐकूनही न ऐकल्यासारखं करून ती मागाकडे पळाली. पळालीच, या वयात. पुरी करा, म्हणाला. डोकं करायचं, तुरा करायचा, पट्टे घालायचे, आणि उतरवायची.

आणि मग धागे तुटायला लागले. हे तिला कळायला हवं होतं. कदाचित कळलंच होतं, तिनंच ते आत दाबून ठेवलं होतं. दिवाळीपासून मागाची फणी त्याच चार बोटं ताण्यावर आपटत होती. विणताना आपटायची, उकलताना घासायची. रेशमाला दोनदा मारायचं न्हाय, अंबादास म्हणायचा, आणि तिनं किती वेळा मारलं होतं ते देवालाच ठाऊक. मोराच्या मानेपाशी ताण्याचे उभे धागे लोकरीसारखे केसाळ झाले होते. एक गेला. तिनं ओल्या बोटानं जोडला. शेजारचे दोन गेले. तिनं घरून तांदळाची पेज आणली, बोटानं धाग्या-धाग्याला लावली, वाळू दिली, श्वास रोखून आडव्या धाग्याचा धोटा टाकला, आणि आणखी चार गेले. लोक बघत होते, आरोही बोलत होती, मोर जन्माला येत होता, आणि सुंदरम्मा खड्ड्यात पाय दाबून धागे जोडत होती, एक जोडावा तर दुसरीकडे तुटावा. असं मेल्याहून मेल्यागत तिला कधी वाटलं नव्हतं, अंबादास गेला तेव्हाही नाही. तेव्हा निदान जे गेलं ते गेलं होतं. इथं नवऱ्याचं उरलेलं काम तिच्या हातांखाली, तिच्याच हातांनी झिजून झिजून मरत होतं, आणि पौर्णिमा जवळ येत होती. पण तिनं सोडलं नाही. गाठीवर गाठ मारत डोकं केलं. तुरा जरा कलला. पट्टे घातले. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी कात्री लावली तेव्हा आरोही रडत होती. साडी उतरली. सुंदरम्मानं ती घडी छातीशी धरली आणि वाट बघितली, काहीतरी वाटेल म्हणून. काही वाटलं नाही. मोराच्या मानेपाशी पोळीच्या कडेसारखा एक जाडसर पट्टा हाताला लागत होता, एवढंच.

त्याच संध्याकाळी तिनं ती साडी, आता दुकानाची म्हणून उदयसिंहाकडून एका रात्रीपुरती मागून घेतलेली, मल्लेशमच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून हात फिरवला. अंगावरून फिरवला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू आलं. "हा अंबादास." पदराकडे आला, मोरावर आला, आणि बोटं मानेपाशी थांबली. "हितं लई दमलाय धागा, बाई." तिला वाटलं आता विचारील. विचारलं असतं तर तिनं सगळं सांगितलं असतं, वेणीसकट. त्यानं विचारलं नाही. "उतरलं न्हवं? मग झालं. उद्या बस," तो म्हणाला. गल्लीला बसायला एक माणूस पाहिजे होता, आणि म्हाताऱ्याला गाडी रिकामी जाऊ द्यायची नव्हती. सुंदरम्माला त्याचा राग आला नाही. तिला फक्त वाटलं, आता आपल्याला अडवणारं कुणीच उरलं नाही.

सकाळी सुनेनं स्वतः तिला नवं लुगडं नेसवलं, डोक्यात अबोलीचा गजरा माळला आणि म्हणाली, "अत्तम्मा, बाबा असते तर लई खूश झाले असते." सुनेच्या तोंडून असं काही ऐकायची सुंदरम्माला सवय नव्हती. गाडीवर केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मधे छोटा माग, पिवळ्या रेशमाचा ताणा. समोर रथ, मागे ढोल, लेझीम, तलवारी परजणारी पोरं. कन्ना चौकात नारळ फुटला, मल्लेशम तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "हं." तिनं हात जोडले, धोटा टाकला. नवा ताणा. तुकतुकीत, न मार खाल्लेला. धोटा इकडून गेला, तिकडून आला, फणीचा तो जुना आवाज तिच्या कानांत भरला, आणि किती तरी महिन्यांनी तिच्या छातीवरचं काहीतरी उठून गेलं. कापड पुढे चाललं होतं. पुढे! बोटभर झालं, चार बोटं झालं. अंबादास असाच बसायचा, मान जराशी डावीकडे टाकून. खाली गाडीसोबत प्रतीक्षा चालत होती, नव्या फ्रॉकात, दोन वेण्या पुढे घेऊन, ओळखीच्या दिसेल त्याला सांगत, "माजी नानम्मा हाय ती." सुंदरम्माला हसू आलं. ती उघड उघड, सगळ्या सोलापूरसमोर हसली.

जोडबसवण्णा चौकात गाडी थांबली. गर्दी भोवती दाटली आणि मोबाईल वर झाले. एक नाही, दोन नाही, चौकभर हात वर. कुणीतरी ओरडलं, "मावशी, इकडं बगा की!" ती विणत राहिली. लोकांनी बघून घेतलं, फुलं टाकली, गाडी हलली, आणि चौक मागे पडायला लागला, जसा तो घोळका काचेच्या दारातून बाहेर पडतो. मोबाईल खाली झाले. आणि सुंदरम्मा विणतच होती, तिला वाटत होतं ती विणतेय, तोवर ढोलांच्या आवाजातून एक बारीक किंचाळी आली. "नानम्मा! परत सोडलालीस!" तिनं खाली बघितलं. चार बोटांचं दोन बोटं झालं होतं. कुणालाच दिसलं नव्हतं. धोटा इकडून तिकडे चालला होता ना, मग बाई विणतेय. हे कापड वाढतंय का घटतंय हे ओळखणारी माणसं या रस्त्यावर आता उरली नव्हती, आणि जो एक ओळखणारा होता त्याला दिसत नव्हतं. तिनं दात आवळले. परत पुढे घेतलं. देवा, ती म्हणाली, एवढं होऊ दे, मग हात तोडून घे. पुढचा चौक आला, मोबाईल वर झाले, तिच्या हातून मोत्यासारखं कापड निघालं, लोक वा वा म्हणाले, गाडी हलली. तिनं डावा हात उजव्या हातानं घट्ट धरला. मग धोटा कोण टाकणार? तिनं सोडला. आणि तो मागे गेला.

असे किती तरी चौक झाले. ऊन कललं, लोकांनी उधळलेल्या फुलांचा तिच्या मांडीभोवती ढीग साचला. विजापूर वेशीपाशी रथ अडला, तिथून देवळाचा कळस दिसतो. देवळात पुजारी ताट घेऊन वस्त्राची वाट बघत असणार. मल्लेशमनं आपलं धूसर तोंड तिच्याकडे वळवलं. दिवसभर फणीचा आवाज ऐकून त्याला तृप्त वाटत होतं, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. "किती झालं, सुंदरम्मा?"

तिनं रुळावर हात फिरवला. रूळ तसाच होता, लाकूडच हाताला लागत होतं. तिला खरं सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि उदयसिंहाला जे रोज सांगायची तेच बाहेर पडलं.

"मानेपर्यंत आलंय."

"देवाच्या मानेपर्यंत?" म्हातारा खुशीत म्हणाला. "मग काय, आलंच की खांद्यावर. होऊ दे, होऊ दे."

वेशीतल्या गर्दीनं मोबाईल वर केले. धोटा गेला, आला, गेला. मग रथ हलला, गाडी हलली, आणि माणसं मागे पडायला लागली. सुंदरम्मानं आधार शोधल्यासारखं खाली बघितलं. प्रतीक्षा गाडीसोबत चालतच होती, पण आता ती ओरडत नव्हती. तिनं दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरून ठेवल्या होत्या.